गॅसचं नवीन घ्या, कोळशाचं जुनं चालेल

पत्र असं आहे:

"दादा, आम्ही न्यू जर्सीत असतो. टाउनहाऊस सोडून ऑक्टोबरात स्वतःच्या घरात आलो, पहिल्यांदाच मागे अंगण आणि छोटंसं डेक मिळालंय. टाउनहाऊसमध्ये एक गॅस ग्रिल होतं, मोठ्या दुकानातून पावणेदोनशे डॉलरला आणलेलं. तीन उन्हाळे चाललं, चौथ्या वर्षी साफ करायला गेले तर बर्नर सरळ हातात आला. आता नवरा म्हणतो कोळशाचंच घेऊ, चव ती चव. मी म्हणते ऑफिसातून येऊन कोळसे कोण फुंकत बसणार. बजेट सहाशे. मेमध्ये सासूसासरे सहा महिन्यांसाठी येतायत, सासूबाई शाकाहारी, चिकन लागलेल्या जाळीवरचं काही खाणार नाहीत. शनिवारी पंधरावीस मंडळी ठरलेली. पुढची दहा वर्षं परत दुकानात जायला लागू नये असं काय घेऊ? – हातात बर्नर आलेली"

ताई, पत्र वाचून आधी हसलो आणि मग आठवलं की माझाही असाच हातात आला होता, फक्त माझ्या बर्नरबरोबर खालचा ट्रे पण आला आणि त्यातलं वर्षभराचं तूप म्हणा चरबी म्हणा सगळं चपलेवर. आम्ही शिकागोच्या उपनगरात, इकडे थंडीत उणे वीस होतं आणि मी त्यातही जॅकेट घालून कणसं भाजलीयेत, तेव्हा ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. सहाशेतले साडेचारशे-पाचशे एका नवीन तीन बर्नरच्या गॅस ग्रिलला द्या. उरलेल्यातले चाळीस-पन्नास कुणीतरी वापरलेल्या केटलला, म्हणजे झाकण असलेल्या गोल कोळशाच्या ग्रिलला. हो, वापरलेल्या, जुन्या. नवऱ्याला सांगा की त्याचंही ऐकलंय.

दोन्ही एकदम नवीन का नाही, किंवा उलटं का नाही, ते असं की कोळशाच्या केटलमध्ये मोडण्यासारखं काही नसतंच. एक वाडगा, एक झाकण, दोन जाळ्या, तीन पाय. व्हॉल्व्ह नाही, रेग्युलेटर नाही, स्पार्कची वायर नाही. त्यामुळे दहा वर्षं जुनी केटल आणि नवी केटल यात भाजणाऱ्या कणसाला काही फरक कळत नाही. गॅसच्या ग्रिलचं तसं नाही, त्यात प्रत्येक भाग कधी ना कधी जाणारच आहे, आणि जुनं घेतलं तर तुम्ही दुसऱ्याची कटकट विकत घेताय. म्हणून ते नवीन, आणि ज्याचे सुटे भाग सात-आठ वर्षांनीही मिळतील असं.

आता तुमचं आधीचं का मेलं ते बघू. लोक म्हणतात पाऊस लागला, बर्फ पडला. तो एक भाग झाला, पण ग्रिल आतूनच सडतं. प्रोपेन जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड पत्र्यावर बसते, त्यात आपलं मॅरिनेट म्हणजे मीठ, दही, लिंबू, हे सगळं ठिबकतं, वर चरबीचा थर ती ओल धरून ठेवतो. आणि मग आपण अजून गरम असतानाच शहाण्यासारखं कव्हर घालतो म्हणजे आत मस्त भट्टी झाली गंजाची. पातळ पत्रा असेल तर तीन उन्हाळ्यांत चाळण होणारच. तुमचं तीन वर्षं चाललं हेच खूप झालं असं मी म्हणेन.

मग काय बघायचं? दुकानात जाताना फ्रिजवरचं एक मॅग्नेट खिशात टाका. हसू नका, मी खरंच नेतो, बायको चार पावलं लांब उभी राहते. दुकानात सगळ्यांवर स्टेनलेस स्टील लिहिलेलं असतं पण स्टेनलेसमध्ये जाती असतात. चांगलं म्हणजे ३०४, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आपल्या घरातली चांगली भांडी असतात ना त्याच घराण्यातलं. ४३० मध्ये क्रोमियम जवळपास तेवढंच पण निकेल जवळपास नाही, ते लवकर डागाळतं. ४३० ला मॅग्नेट चिकटतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही. पण इथे एक मेख आहे. २०१ नावाचं एक स्वस्त स्टेनलेस असतं त्यालाही चिकटत नाही, तेव्हा मॅग्नेट चिकटलं नाही म्हणजे लगेच ३०४ च असं समजून पैसे काढू नका, बर्नर कशाचे आहेत ते माहितीपत्रकात वाचा. नुसतं "स्टेनलेस" लिहून आकडा लिहिला नसेल तर तो का लिहिला नाही हे आपण ओळखायचं.

आणि खरं सांगू का, झाकण चकचकीत आहे की काळं यावर जीव टाकू नका. बाहेरचं झाकण कधीच आधी जात नाही. जातात ते बर्नर, बर्नरवरच्या तिरप्या पट्ट्या आणि खालची पेटी. पेटी ओतीव अॅल्युमिनियमची असेल तर डोळे मिटून घ्या, अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढतच नाही. माझ्या सध्याच्या ग्रिलची पेटी तशी आहे, सोळावं वर्ष चालू आहे, बर्नर दोनदा बदलले, पट्ट्या तीनदा, जाळी एकदा, आणि ती पेटी जशी होती तशी. आजोबांची कुऱ्हाड असते ना, पातं दोनदा बदललं दांडा तीनदा बदलला पण कुऱ्हाड आजोबांचीच, तसं झालंय आता. पण यासाठीच विकत घेण्याआधी घरी बसून एक काम करा, त्या मॉडेलच्या आधीच्या, म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे बर्नर आज ऑनलाइन मिळतायत का ते शोधा. मिळत असतील तर कंपनी भरवशाची. दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकतात ती ग्रिलं बऱ्याचदा मधेच कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यात बनायला लागतात आणि मग जुन्याचे भाग मिळणं अवघड होतं. वॉरंटीवर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी कुठल्या भागाला दहा आणि कुठल्याला दोन ते बारीक अक्षरात असतं, तेवढं चष्मा लावून वाचायचं.

जाळी जड हवी. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, वर एनॅमलचा थर असलेली मिळते, धग छान धरते, पण टवका उडाला की तिथून गंज धरते, तेव्हा तिच्यावर लोखंडी उलथनं आपटायचं नाही. जाड स्टेनलेसच्या सळ्यांची असेल तर ती कटकट नाही. साफ करायला तारेचा ब्रश नको. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते, लोकांची ऑपरेशनं झालीत त्यापायी. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासा, वासही छान येतो.

बीटीयूच्या, म्हणजे उष्णता मोजायच्या एककाच्या, आकड्याला भुलू नका. तो आकडा म्हणजे गॅस किती पितं त्याचा, किती चांगलं भाजतं त्याचा नाही. हिशोब सांगतो, नेहमीच्या वीस पौंडी सिलेंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू, तुमचं ग्रिल तासाला ३०,००० चं असेल तर पूर्ण आचेवर चौदा तास. पण दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून घेतो ते सिलेंडर बहुतेक वेळा पंधराच पौंड भरलेलं असतं, म्हणजे दहा-अकरा तास. भरून देणारं दुकान जवळ असेल तर तिथे भरून घेणं स्वस्त पडतं. आणि पाहुणे आल्यावर सिलेंडर संपायची आपली भारतातली परंपरा इथेही चालू ठेवायची नसेल तर बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, गळ्यावर टीडब्ल्यू म्हणून रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं, सतरा पौंडांच्या आसपास, ते वजा करा, उरला तो गॅस.

एक गोष्ट सांगून ठेवतो कारण हिने चांगली ग्रिलं कचऱ्यात जातात. एखाद्या दिवशी पेटवलं आणि ज्योत मरतुकडी, सगळं फुल केलं तरी धग नाही, सिलेंडर तर भरलेलं. बिघाड असेलच असं नाही. सिलेंडरचा व्हॉल्व्ह एकदम भसकन उघडला की गळती झाली असं समजून आतली सेफ्टी गॅस अडवते. सगळे नॉब बंद, सिलेंडर बंद, नळी काढायची, पाच मिनिटं थांबायचं, परत जोडून व्हॉल्व्ह हळूऽहळू उघडायचा, मग बर्नर. माझ्या एका मित्राने ह्याच कारणासाठी चांगलं ग्रिल फुटपाथवर ठेवून दिलं आणि शेजारच्याने दहा मिनिटांत उचलून नेलं, अजून वापरतोय तो. दुसरं म्हणजे हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना बर्नरच्या नळ्यांत कोळ्यांची जाळी बघायची. कोळी तिथे घर करतातच, मग ज्योत निळी न येता पिवळी येते, कधी कधी उलटी नॉबकडे येते. बाटली धुवायचा लांब ब्रश घालून साफ करायचं. आणि जोडणीवर साबणाचं पाणी, बुडबुडा आला की गळतंय. हे आपल्याकडे गॅसवाला आला की करायचा तेच.

आता नवरोबांची चव.

त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. भाजल्याचा जो वास आपल्याला वेड लावतो ना, त्यातला बराचसा कोळशाचा नसतोच, कोळसा बनतानाच लाकडातला वास देणारा माल बहुतेक जळून गेलेला असतो. वास येतो तो मांसातली चरबी, मॅरिनेटचं तेल, रस खाली निखाऱ्यावर पडून त्याचा धूर परत वर येतो त्याचा. गॅस ग्रिलमध्ये त्या तिरप्या पट्ट्या त्यासाठीच असतात, त्या तापतात आणि त्यावर पडलेलं जळून धूर होतो. त्यामुळे पनीर टिक्का, ढोबळी मिरची, चिकनचे तुकडे, डोळे बांधून खायला दिले तर बऱ्याच जणांना ओळखता येणार नाही. मी हा प्रयोग घरी केलाय, कोळसावाद्यांपैकी दोघं चुकले आणि तिसरा चिडून खाली बसला. पण जिथे धग प्रचंड लागते, तंदुरी, शीग कबाब, किंवा अख्खं पापलेट बाहेरून करपवून आतून रसरशीत, तिथे फुललेल्या निखाऱ्याची सर तुमच्या बजेटातल्या गॅसला येत नाही, हे मान्य करायलाच हवं. आणि वांगं. निखाऱ्यावरच्या वांग्याच्या भरिताबद्दल मी वाद घालत नाही कुणाशी.

तर केटल. ही केटल मुळात आमच्या शिकागोची, १९५२ साली इथल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीव्हनने पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पत्र्याचा गोळा मधून कापला, अर्ध्याचा वाडगा अर्ध्याचं झाकण, आणि आकार आजपर्यंत तोच आहे. त्या आकाराची बावीस इंची केटल तुमच्या भागात गराज सेलला किंवा ऑनलाइन जुन्या सामानात कायम दिसते. लोक घर बदलताना काढतात, किंवा गॅसवर जातात म्हणून काढतात, मेली म्हणून कोणी काढत नाही. बघायला गेलात की वाडग्याच्या आत खाली हात फिरवा, जिथे राख साठते तिथे एनॅमल उडून पत्रा खाल्लेला असेल तर सोडून द्या. ओली राख फार वाईट, ती ओल धरते आणि तिच्यातले क्षार पत्रा खातात, म्हणून घरी आणल्यावरही राख तशीच ठेवून पावसाळा, म्हणजे आपला तो स्प्रिंग, काढायचा नाही. झाकण नीट बसतंय का, खालच्या हवेच्या खिडक्या हलतायत का, बस. जाळी गंजलेली असेल तर काही नाही, नवीन वीस-तीस डॉलरला मिळते.

कोळसे फुंकायची भीती तुम्हाला वाटते ती खरंतर पेटवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे. पंधरा-वीस डॉलरची चिमणी मिळते, पत्र्याचा उंच डबा, खाली दोन कागद, वर कोळसे, काडी लावायची आणि आत जाऊन चहा टाकायचा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखेची पांढुरकी झाक आली की ओतायचे. रॉकेलसारखं ते लायटर फ्लुइड नको, कबाबाला पेट्रोल पंपाचा वास. अख्खी चिमणी म्हणजे शंभरेक ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या), पाच-साडेपाच पौंड, म्हणजे एका मोठ्या पिशवीत तीन-चार शनिवार. ब्रिकेट एकसारखे आणि जास्त वेळ जळतात, लाकडी कोळसा जास्त तापतो पण भुर्रकन संपतो. निखारे सगळे एका बाजूला लावा, दुसरी बाजू रिकामी, म्हणजे करपायला लागलं की सरकवायला जागा. ही एक गोष्ट शिकलात तर बाकी आपोआप येतं.

पण वेळेचं गणित मांडा. कोळशाला पेटवण्यापासून खाण्यापर्यंत पाऊण-एक तास, आणि नंतर निखारे विझेपर्यंत लक्ष. गॅसला दहा मिनिटं तापवायला आणि खाऊन झालं की नॉब बंद. सोमवार ते शुक्रवार कोळसा पेटणार नाही, नवरा कितीही शपथा घेऊ दे. एकटी केटल असेल तर जुलैनंतर ती महिन्यातून एकदा निघते आणि एकटं गॅस असेल तर शनिवारी रुसवा. म्हणून दोन.

शिवाय दोन असल्याने तुमचा सासूबाईंचा प्रश्न न भांडता सुटतो, आणि मला विचाराल तर पत्रातला खरा प्रश्न तोच होता. गॅस ग्रिल शाकाहारी. पहिल्या दिवसापासून. पनीर, कणसं, रताळी, वांगी, पाहिजे तर पावभाजीचे पाव. मांसमच्छी सगळी केटलवर, चिमटे वेगळे, ब्रश वेगळा, चिमट्याच्या दांड्याला रंगीत चिकटपट्टी. नवीन कोरं ग्रिल शाकाहारी राहिलंय हे त्यांना आल्या आल्या दाखवा. एकाच ग्रिलवर आधी शाकाहारी मग चिकन असं करून बघितलंय मी, पहिल्या शनिवारी जमतं, तिसऱ्या शनिवारी कोणीतरी घाईत सीख पनीरशेजारी ठेवतं आणि मग श्रावण येईपर्यंत तो विषय चालतो.

हो, आणि बाजूचा बर्नर असलेलंच मॉडेल घ्या. इथले गोरे लोक तो वापरत नाहीत, त्यावर बिअर ठेवतात. आपल्याला मात्र तो सोनं आहे. घरात काचेचा इलेक्ट्रिक स्टोव्ह असेल तर वांगं भाजायची सोय नाही, आणि मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो. पुऱ्या, भजी, सगळं तळण बाहेर. बोंबील, सुरमई तळायची असेल तर मात्र सासूबाई असेपर्यंत ती केटलवर बिडाचा तवा ठेवून, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया.

जागेबद्दल दोन शब्द, कारण घर नवीन आहे. बाहेरची भिंत व्हायनिल सायडिंगची, म्हणजे वरून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेली असेल, बहुतेक असतेच, तर ती ग्रिलच्या धगीने वितळून लाटा येतात आणि ती पट्टी त्याच रंगात परत मिळत नाही. भिंतीपासून दहा फूट ठेवा. दहा फूट जमत नसेल एवढं डेक लहान असेल तर ग्रिल डेकवर नकोच, खाली चार फरशा टाकून त्यावर. कोळशाचं तर लाकडी डेकवर अजिबात नाही, एक ठिणगी पुरते. पाऊस आला म्हणून गराजमध्ये ओढायचं नाही, दार उघडं ठेवून सुद्धा नाही, कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूचा वास येत नाही त्यामुळे कळतच नाही. सिलेंडरही घरात किंवा गराजात नको, बाहेर उभा. राख दोन दिवसांनीच टाका, तोपर्यंत झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि खालचा चरबीचा ट्रे दर चार-पाच वापरांनी रिकामा करा, ग्रिलच्या आगी बऱ्याचदा न साफ केल्यामुळेच लागतात. सोसायटी म्हणजे एचओए असेल तर त्यांचे नियम आधी वाचून घ्या, आमच्या एका ओळखीच्यांना नवीन ग्रिल आठवड्यात परत करायला लागलं होतं.

स्वस्त हवं असेल तर खरं लेबर डेनंतर घ्यावं, सप्टेंबरात दुकानं हंगामाचा माल काढून टाकतात. पण सासूबाई मेमध्ये येतायत म्हणजे तुम्हाला एप्रिलच्या शेवटी घ्यायला लागेल, वीस-तीस डॉलर जास्त जातील, जाऊ देत. केटल मात्र आत्तापासून शोधायला लागा, मेअखेरचा मेमोरियल डे जवळ आला की जुन्याचेही भाव चढतात. ते काम नवऱ्याकडे द्या, शनिवारी सकाळी गराज सेल फिरायला त्याला आवडेल. आणि सासरे आले की केटलपाशी त्यांना एक खुर्ची टाकून द्या, गावाकडे हुरडा भाजलेली माणसं असली तर चिमटा दुसऱ्या कुणाच्या हातात परत येणार नाही.

मोडक्या ग्रिलचं सिलेंडर फेकू नका. कचऱ्यात टाकायचं नसतंच, आणि पिंजऱ्यातलं भरलेलं घेताना ते बदल्यात दिलंत की नव्या सिलेंडरचे पैसे वाचतात.